वाटीतला टेस्ट पीस

जगातली कुठलीही वस्तू, मग ती बाजरीची भाकरी असो, नवा फ्लॅट असो की घरात येऊ घातलेला जावई असो, आतून कशी आहे हे तोडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. साडू हे नातं मुळातच विचित्र. रक्ताचा संबंध नाही आणि मैत्री म्हणावी तर निवड आपली नाही. दोन परक्या माणसांना एका सासऱ्याने शेजारी शेजारी पाटावर बसवलेलं असतं आणि एकमेकांच्या ताटात काय वाढलं जातंय याकडे तिरक्या डोळ्याने बघत जन्मभर जेवायचं असतं. माझे हे साडू थोरले, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, मी साडूभाऊ म्हणतो आणि ते मला राव म्हणतात. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं की हा मान आहे. पुढे कळलं की ते रिक्षावाल्यालाही राव म्हणतात.

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये त्यांची हयात गेली. गिअर, शाफ्ट, पिना असला माल मोठ्या कंपन्यांकडून मऊ येतो, तो भट्टीत लाल करायचा, तेलात बुडवून कडक करायचा आणि परत पाठवायचा, असा तो धंदा. आता माल खरोखर कडक झाला की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि कापून बघावं तर माल वाया जातो. म्हणून त्या लोकांची एक रीत आहे. भट्टीत माल लावताना त्याच लोखंडाचा एक छोटा तुकडा सोबत ठेवायचा. माल जेवढं तापेल तेवढं त्यानेही तापायचं, माल तेलात पडला की त्यानेही पडायचं, आणि बाहेर आल्यावर मालाऐवजी त्याला कापून आत बघायचं. याला टेस्ट पीस म्हणतात. तो पास तर माल पास. माल मग गाडीत बसून निघून जातो आणि कापलेला तुकडा चिठ्ठी लावून कपाटात ठेवून देतात, पुढेमागे तक्रार आली तर दाखवायला. हे सगळं मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, पानात जिलबी पडत असताना ऐकवण्यात आलं होतं, त्यामुळे विसरणं शक्य नाही. सांगता सांगता त्यांनी माझ्या पानातली जिलबी मोडून तिच्या पोटात पाक कुठवर गेलाय हेही दाखवलं.

ही सवय त्यांनी शॉपमध्ये सोडून घरी यावं, एवढीच आम्हा सगळ्यांची अपेक्षा होती, ती कधी पुरी झाली नाही. बिस्कीट ते आधी मोडत, तुटलेली कड उजेडात धरून बघत आणि मगच चहात बुडवत. आळंदीला एकदा आम्ही माठ घ्यायला गेलो, तर त्यांनी दुकानातला एकेक माठ बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून ऐकायला सुरुवात केली. शेवटी दुकानातल्या बाईने विचारलं की माठ घ्यायचाय का भजनाला बसायचंय. पिंपळे सौदागरला मी फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी या गृहस्थांनी खिशातून नाणं काढून हॉलमधली प्रत्येक फरशी ठोकली आणि नेमकी देवघरासमोरची एक पोकळ निघाली. ही बातमी त्यांनी भटजींसह सर्वांना दिली. त्या फरशीवर पाय पडू नये म्हणून मी आजही वाकडा चालतो. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तर त्यांनी बोलता बोलता माझा दंड दाबून पाहिला आणि सासऱ्यांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पोरगं वरून मऊ हाय, आतलं कळायला वेळ लागंल. तो अहवाल अजून पूर्ण झालेला नाही, असं माझी बायको अधूनमधून म्हणते.

अशा माणसाबरोबर अक्कांनी संसार केला, आणि हसत केला. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघांपैकी कोणीही कधी आमच्याजवळ बोललं नाही, पण माझ्या मुलीचे जास्तीचे लाड व्हायचे त्यावरून जे कळायचं ते कळत होतं. अक्कांचं माहेर चाकणजवळच्या खेड्यातलं, घरात म्हशी. सासरी भोसरीच्या दोन खोल्यांत आल्या तरी पहिली भाकरी गाईसाठी काढून ठेवायची रीत त्यांनी सोडली नाही. दुसरी भाकरी नवऱ्यासाठी, कारण तो ती मधोमध मोडून पापुद्रा नीट सुटलाय का ते बघणार. "आमच्याकडं पहिली गाईला आन् दुसरी सायबाला तपासायला," असं त्या म्हणायच्या. साडूंच्या कपड्यांना भट्टीच्या तेलाचा एक जळका, जड वास कायमचा बसलेला असायचा. ते आमच्याकडे मुक्कामाला राहिले की बायको दुसऱ्या दिवशी चादरी धुवायला टाकायची. अक्कांना मात्र त्या वासाचं काही वाटत नसे. जिन्यात तो वास आला की त्या चहाचं आधण ठेवत, आणि साडू चपला काढेपर्यंत कप तयार असायचा. तो चहा म्हणजे चहाच्या नावाखाली आटवलेलं दूधच असे. साय तरंगत नसेल तर साडू कप परत पाठवत.

तर या दुधाच्या घरात दूध बंद झालं. अक्कांच्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सलाइनमधून द्यायची ती औषधं सुरू झाली, आणि दूध, दही, ताक, तूप काहीच पचेना. डॉक्टरांनी दुधाचं सगळं बंद केलं. म्हशींच्या धारा काढत वाढलेल्या बाईला दूध चालत नाही, हे ऐकून माझी सासू डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दलच शंका घेऊ लागली.  संध्याकाळी माझ्या बायकोने नेहमीचा चहा केला तर साडूंनी कप बाजूला सरकवला आणि काळा चहा मागितला. मला वाटलं पित्त झालं असेल. हळूहळू लक्षात आलं की हा माणूस अक्कांना जे बंद ते स्वतःला बंद करत चाललाय. मीठ कमी तर यांनाही कमी, तिखट नाही तर यांनाही नाही, मऊ भात आणि पातळ मुगाचं वरण दोन ताटांत सारखंच. अक्कांचं एक गोडसर पातळ औषध होतं, पोट साफ होण्यासाठीचं, तेही यांनी आधी स्वतः चमचाभर घेऊन पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शिफ्ट बुडाली. मी हसून म्हणालो, साडूभाऊ, तुम्ही जेवा की नीट, तुमच्या उपाशी राहण्याने अक्कांना काय फरक पडणार. तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "टेस्ट पीस दुसऱ्या भट्टीत घालून चालत न्हाई राव. तिला आत काय होतंय ते मला कसं कळायचं मग?"  मी माझा दुधाचा चहा स्वयंपाकघरात जाऊन प्यालो.

खरी अडचण पुढे आली. अक्कांनी खाणंच सोडलं. अन्न समोर आलं की त्या तोंड फिरवत. फोडणीचा वास नको, भाजीचा नको, कशाचाच नको. वजन उतरत उतरत इतकं उतरलं की डॉक्टरांनी औषधाचे पुढचे डोस थांबवले. थोडं तरी वजन वाढलं तर देऊ, एरवी शरीर सोसणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. डोस नाहीत म्हणजे पुढे काय हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने प्रयत्न केले. बायकोने नाचणीची लापशी केली, सासूने शेंगदाण्याचे लाडू पाठवले, शेजारणीने कसलंसं सूप आणलं. अक्का सगळ्यांचं मन राखायला चमचा तोंडाला लावायच्या आणि खाली ठेवायच्या. शेवटी बायकोने चिडून विचारलं की अक्का, तू तरी सांग तुला काय खावंसं वाटतंय. अक्कांनी बराच विचार केला. त्यांचे वडील सायकलवरून पिंपरीला दूध घालायला जायचे आणि येताना कधीतरी तिथल्या बेकरीतून कागदात बांधून केकचा तुकडा आणायचे, अर्धा पांढरा आणि अर्धा काळा. दोन मुलींत तो वाटला जायचा, आणि धाकटी रडून काळा भाग घ्यायची. "काळा भाग खायचाय," अक्का म्हणाल्या. "हिनं कधी मिळूच दिला न्हाई मला." बायको जोरात हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ आत राहिली.

बेकरीच्या केकमध्ये दूध, लोणी काय काय असतं. म्हणून साडूंनी ठरवलं की केक आपण करायचा. ज्या माणसाने जन्मात पाण्याशिवाय काही उकळलं नव्हतं, त्याने हे ठरवलं. माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून बिनदुधाच्या केकची कृती दिली. मैदा, साखर, कोको, खायचा सोडा, चिमूटभर मीठ, व्हॅनिला इसेन्स, थोडं व्हिनेगर, तेल आणि पाणी, एवढंच. साडूंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. तेल आणि पाणी एकत्र, हे त्यांना काही केल्या पटेना. त्यांच्या शॉपमध्ये तापल्या तेलाच्या टाकीत चुकून पाणी गेलं की टाकी उसळून पेट घेते, एकदा त्यात एकाचे हात भाजलेले त्यांनी पाहिले होते. त्यामुळे पहिल्या दिवशी हा माणूस मैद्याचं पातेलं जमिनीवर ठेवून, हात लांब करून, तोंड भिंतीकडे वळवून त्यात पाणी ओतत होता आणि मला दारात उभं केलं होतं. काही झालं नाही. थोडा वेळ वाट पाहून त्यांनी डोळे उघडले आणि मला आत यायची परवानगी दिली.

भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. तो त्यांचा केकवार ठरला, आणि मीही चाकणच्या ज्या प्लास्टिकच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो तिथे गुरुवारचीच सुट्टी असल्यामुळे त्यातून सुटलो नाही. त्यांनी एक छोटा विजेचा ओव्हन आणला होता. पहिला केक बाहेर आला तेव्हा छान फुगलेला होता. मी तसं म्हणेपर्यंत साडूंनी तो डब्यासकट परातीतल्या गार पाण्यात बसवला. तापलेली वस्तू बाहेर काढली की ताबडतोब बुडवायची, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलेलं होतं की हात आपोआप वळला असावा. केकने एक उसासा टाकला आणि तो बसला. मग चूक सुधारायला म्हणून त्यांनी तो परत ओव्हनमध्ये घातला, कारण लोखंड फार कडक झालं की ते पुन्हा बेताने तापवून नरम करतात. जे बाहेर आलं त्याने खिडकीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून पुढे कितीतरी दिवस चांगलं काम दिलं.

दुसरी अडचण रंगाची होती. साडू लाल लोखंडाकडे नुसतं बघून ते किती तापलंय हे सांगत, आणि त्याचा त्यांना गर्व होता. पण कोकोचा केक कच्चा असताना काळा, झाला तरी काळा आणि करपला तरी काळाच. भट्टीच्या काचेतून बघावं तसे ते ओव्हनसमोर पाटावर बसून राहत आणि हताश होत. मग त्यांना वाट सापडली. अर्धं पीठ पांढरं ठेवायचं, व्हॅनिलाचं, आणि अर्ध्यात कोको घालायचा. दोन्ही एकाच डब्यात शेजारी शेजारी. पांढरा भाग बदामी झाला की काळाही झाला असं समजायचं. अशा रीतीने विचार करत करत हे गृहस्थ शेवटी सासऱ्यांच्या सायकलवरून यायच्या त्याच केकपाशी येऊन पोचले. आणि अर्थातच डब्याशेजारी एका वाटीत त्याच पिठाचा टेस्ट पीस असायचा. मोठा केक अक्कांसाठी, त्याला सुरी लागायची नाही. वाटीतला मला. मी तो मोडायचा, कड त्यांना दाखवायची, खायचा आणि मत द्यायचं. मग ते माझ्याकडे बराच वेळ निरखून बघत बसायचे, मी आडवा होतोय का ते पाहायला. मी दर वेळी काहीतरी खोड काढायचो. साखर कमी आहे, सोडा लागतोय, मध्ये कच्चा आहे. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

केक सुधारत गेले, अक्का काही सुधारल्या नाहीत. त्या कौतुक करायच्या, काळ्या भागाचा एक कण तोंडात टाकायच्या आणि पुरे म्हणायच्या. इसेन्सच्या वासाने त्यांना मळमळायचं. दवाखान्यात वजन करायची तारीख जवळ येत चालली आणि त्याच आठवड्यात साडूंनी ओव्हन उघडला. त्यावरचा तापमानाचा काटा खोटं बोलतोय असा त्यांना संशय होता. त्यांनी तो पूर्ण खोलला, तपासला, परत जोडला, आणि त्यानंतर तो ओव्हन कायमचा गेला. गुरुवारी सकाळी मी पोचलो तेव्हा ते मैदा चाळून, सगळं डब्यांत भरून, पिशवी घेऊन तयार होते. म्हणाले, शॉपवर चला, शेठला विचारलंय. कडक झालेला माल बेताने तापवायची जी छोटी भट्टी त्यांच्याकडे असते, तिचं तापमान बरोबर केकला लागतं तेवढंच असतं, हे त्यांना म्हणे आदल्या रात्री अंथरुणात आठवलं होतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र झाले की पीठ थांबत नाही, म्हणून सगळं वेगवेगळं बांधलेलं होतं. मी मोटरसायकलवर मागे, मांडीवर डबे, आणि भोसरीचे खड्डे. शॉप बंद होता, आत कोणी नव्हतं. जिथे एरवी गिअर मोजतात त्या गुळगुळीत दगडी टेबलावर साडूंनी वर्तमानपत्र अंथरलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि पीठ कालवलं. भट्टी त्यांनी पहाटेच येऊन रिकामी तापवून, पुसून, पुन्हा तापवून ठेवली होती. डबा आत गेला, शेजारी वाटी गेली आणि ते दारासमोर उभे राहिले. बसले नाहीत. माझ्या आयुष्यात मी देवळातसुद्धा कोणाला असं उभं राहिलेलं पाहिलं नाही.

केक निघाला तो इतका सारखा, इतका हलका की मला खोड काढता येईना. फक्त एक गोष्ट होती. त्याला वास येत होता. कितीही पुसली तरी ती भट्टीच, वर्षानुवर्षं तिच्यात तेलकट माल तापलेला. व्हॅनिलाच्या खाली तो जळका, जड वास बारीकसा बसला होता. मी वाटीतला घास खाऊन हे सांगितलं तेव्हा साडूंचं तोंड पाहवेना. फेकून द्यावा म्हणाले. आता एवढं केलंय तर दाखवू तरी, म्हणून मी त्यांना घरी आणलं. माझी बायको अक्कांजवळ बसलेली होती. साडूंनी काळा भाग कापून बशीत घातला आणि आधीच माफी मागितल्यासारखे बाजूला उभे राहिले. अक्कांनी तुकडा नाकाशी नेला. थांबल्या. परत वास घेतला.

"ह्याला तुमच्या शर्टाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

 अक्कांनी घास घेतला, सावकाश चावला आणि दुसरा घेतला. बशी रिकामी झाली. कुठलाच वास न सोसणारी ती बाई तो वास मात्र सोसत होती, कारण तो परका नव्हताच. मग त्यांनी पांढरा भाग माझ्या बायकोपुढे सरकवला आणि म्हणाल्या, "घे, आज तू हा खा." बायकोने खाल्ला. साडू खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. तिथून समोरच्या इमारतीची मागची भिंत सोडून काही दिसत नाही.

त्यानंतर रोज थोडा थोडा केक अक्कांच्या पोटात जाऊ लागला. शेठने बिचाऱ्याने शिफ्ट संपल्यावर भट्टी वापरायला कधी नाही म्हटलं नाही. वजनाच्या दिवशी आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. साडूंनी आधी स्वतः काट्यावर उभं राहून काटा तपासला, मग मला उभं केलं, मग अक्कांना हात धरून चढवलं. वजन वाढलं होतं. थोडं नाही, चांगलं वाढलं होतं. साडूंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला. अक्कांसाठी सोबत आणलेला केक त्यांनी तिथल्या नर्सला, वॉर्डबॉयला, बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना वाटला आणि प्रत्येकाला सांगितलं की यात दूध नाही. बायकोने सासूला फोन करून टाकला.

डॉक्टरांनी कागद पाहिला, अक्कांकडे पाहिलं आणि खुर्ची सोडून त्यांच्यापुढे खाली बसले. साडीची कड थोडी वर करून त्यांनी अक्कांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला आणि तो तसाच राहिला. मग त्यांनी पोटावर हात ठेवून पाहिलं. ते उठून साडूंना म्हणाले की हे वजन नाही, हे पाणी आहे, अंगात साठत चाललंय. डोसबद्दल ते काही बोलले नाहीत. साडू त्या खळग्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी स्वतःची पँट वर केली आणि स्वतःच्या नडगीवर अंगठा जोरात दाबला. उचलल्याबरोबर जागा भरून आली. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा भरून आली. इतके महिने तेच अन्न, तेच बिनदुधाचं, तेच कमी मिठाचं खाऊन शेवटी टेस्ट पीस पास झाला होता आणि माल नाही. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, म्हणून मी अक्कांकडे पाहिलं, तर त्या त्यांच्याकडेच बघत होत्या आणि पँट खाली करा, लोक बघतायत, असं खुणेने सांगत होत्या.

अक्का श्रावण लागायच्या आधी गेल्या. शेवटी शेवटी केक खाल्ला जात नव्हता, पण गुरुवारी तो व्हायचा आणि बशी त्यांच्या उशाशी ठेवली की त्या तिच्याकडे कूस वळवून झोपायच्या. स्मशानात अग्नी दिल्यावर साडू चितेकडे पाठ करून उभे राहिले. नातेवाइकांत कुजबुज झाली, एकजण तर माझ्याजवळ म्हणाला की माणूस भारी कठोर.  ज्याला आगीचा रंग बघून आत किती तापलंय हे आपोआप कळतं, त्याने त्या दिवशी तिकडे बघायचं तरी कसं? मी त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच पाठ करून उभा राहिलो. दोन साडूंनी मिळून केलेलं तेवढं एकच काम मला मनापासून आठवतं.

मध्यंतरी मुलगी बारावी पास झाली म्हणून मी पेढे घेऊन भोसरीला गेलो. अक्का गेल्यावर साडू माझे नक्की कोण लागतात हा प्रश्न मला वाटेत पडला होता, कारण ज्या दोऱ्याने आम्ही बांधलेलो होतो त्याचं एक टोक सुटलं होतं. त्यांनी मला चहा दिला, दुधाचा. स्वतः काळा घेतला. पेढा हातात घेतला, सवयीने मोडला, आत बघितलं आणि दोन्ही तुकडे माझ्या बशीत ठेवले. मी म्हणालो, साडूभाऊ, आता तर खा की. आता कोणासाठी दूध सोडायचं. मला म्हणायचं होतं ते चांगल्या मनाने, पण शब्द तसे आले नाहीत. त्यांना राग आला नाही.

"माल गाडीत बसून गेला राव," ते म्हणाले. "टेस्ट पीस कपाटातच राहतो. त्याला कुणी न्यायला येत न्हाई."

मग ते उठून आत गेले आणि एक वाटी घेऊन आले. गुरुवार होता. शॉपवर जाऊन आले होते. मोठा डबा आता ते लावत नाहीत, भट्टीत फक्त वाटी जाते, अर्धी पांढरी आणि अर्धी काळी. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि नेहमीसारखे निरखत बसले. मी केक मोडला, कड त्यांना दाखवली, घास घेतला. इतका चांगला केक मी कुठल्याही बेकरीत खाल्लेला नाही. व्हॅनिलाच्या खाली तो जळका वासही होता, आणि एकदम वाटलं की आतल्या खोलीत कोणीतरी आधण ठेवलंय. 

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं.

पास म्हणालो असतो तर काम संपलं असतं. मी म्हणालो, मध्ये जरा कच्चा राहिलाय साडूभाऊ.

त्यांनी उरलेला तुकडा उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितला. कुठेही कच्चा नव्हता, हे मला दिसत होतं तर त्यांना दिसलं नसेल असं होणार नाही. बराच वेळ बघून त्यांनी तो वाटीत परत ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "पुढच्या गुरुवारी या मग, परत लावू."